हातपाय गळतात, तो आळस नव्हे
आरोग्य धडा : आतड्याची जुनी सूज आणि त्यातला थकवा



या वेळी ज्या आजाराबद्दल बोलायचं आहे, त्याचं नाव आपल्यातल्या बऱ्याच जणींनी ऐकलेलं नसेल. आणि ज्यांना तो आहे त्यांनी तो बहुधा कुणाला सांगितलेला नसेल. कारण आजार पोटाचा, त्यातही संडासचा. बाई पाठ दुखते म्हणेल, डोकं दुखतं म्हणेल, पण दिवसातून आठ वेळा परसाकडला जावं लागतं आणि रक्त पडतं हे ती नवऱ्यालाही सांगत नाही. दुखणं अंगावर काढते. हा धडा बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा. लांब वाटला तर दोन बैठकांत घ्या.

अशी एक बाई डोळ्यासमोर आणा. वय तीस-बत्तीस. दोन वर्षं अधूनमधून पोटात मुरडा यायचा, आव आणि रक्त पडायचं. कुणी म्हणालं मूळव्याध आहे, कुणी म्हणालं उष्णता झाली. शेवटी जिल्ह्याच्या गावी दुर्बिणीची तपासणी झाली, आजाराचं नाव कळलं, गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत रक्त थांबलं. घरचे म्हणाले, झालीस आता बरी. पण तिला सकाळी उठवत नाही. रात्रभर झोपूनही अंग जड. पाण्याचा हंडा उचलला की धाप लागते. खुरपायला गेली तर एक पात संपायच्या आत बसकण मारते. सासू म्हणते, "गोळ्या खाऊन खाऊन सुस्तावलीय." गटाच्या दोन बैठका चुकल्या म्हणून तिला दंड लागला. आणि खरी गोष्ट अशी की आता तिला स्वतःलाच वाटू लागलंय, आपण कामचुकार झालोय.

हा धडा तिच्यासाठी आहे, आणि दंड लावणाऱ्या आपल्यासाठीही.

आजार कोणता?

डॉक्टर याला आयबीडी म्हणतात. आतड्याला सूज येते, जखमा होतात, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. कधी आजार उसळतो, कधी शांत बसतो. त्याचे मुख्य प्रकार दोन. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आणि जखमा झाल्या तर तो अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात रक्त आणि आव जास्त पडते, संडासला धावत जावं लागतं. दुसरा क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात तो जास्त आढळतो. पोट दुखणं, वजन उतरणं, कधी आतडं अरुंद होऊन अन्न पुढं न सरकणं, असे त्याचे त्रास. १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांसोबत या आजाराचं वर्णन छापलं, म्हणून हे नाव.

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी राखण असते. या आजारात ती राखण आपल्याच आतड्यावर उलटते. असं का होतं याचं एकच कारण नाही. थोडं घराण्यातून येतं, थोडं बाहेरून. पण हा आजार स्पर्शानं पसरत नाही. एका ताटात जेवल्यानं, एकाच संडासात गेल्यानं लागत नाही. तिखट खाल्लं म्हणून झाला, कुणाची नजर लागली म्हणून झाला, असंही नाही.

आपल्याकडे यात एक गुंता होतो. आतड्याची टीबी आणि क्रोन्स हे दोन्ही आजार वरून जवळपास सारखे दिसतात. तुकडा तपासूनही कधी कधी निकाल स्पष्ट येत नाही, मग डॉक्टर आधी टीबीची औषधं देऊन फरक पाहतात. तुमच्यापैकी कुणाचं असं झालं असेल तर डॉक्टर चुकले असं लगेच धरू नका. आणि टीबीच्या गोळ्या मनानं बंद करू नका.

थकवा येतो कुठून?

मैत्रिणींनो, राबून आलेला थकवा आणि हा थकवा यांत फरक आहे. दिवसभर सोयाबीन काढलं, रात्री जेवून गाढ झोपलं, की सकाळी आपण पुन्हा उभ्या राहतो. या आजारातला थकवा झोपेनं जात नाही. डोकंही थकतं. दूध किती घातलं ते आठवत नाही, हिशेबाची बेरीज दोनदा चुकते, कुणी बोलत असलं तर लक्ष लागत नाही. आजार उसळलेला असताना बहुतेक जणींना असा थकवा येतो. पण पोट शांत असताना, रक्त थांबलेलं असतानाही साधारण निम्म्या रुग्णांना तो राहतो. म्हणजे आपल्या त्या बाईचं काही जगावेगळं चाललेलं नाही.

सूज म्हणजे शरीराच्या आत सतत चाललेली लढाई. फ्लू-मलेरियाच्या तापात अंग कसं मोडून येतं, उठावंसं वाटत नाही, आठवा. त्या वेळी शरीर जी रसायनं सोडतं, तशीच रसायनं या सुजेत सुटत राहतात. ताप नसला तरी अंग तसंच मोडतं.

दुसरं, आणि आपल्या भागात सगळ्यांत मोठं, म्हणजे रक्त कमी होणं. आतड्याच्या जखमांतून रोज थोडं थोडं रक्त जातं. त्यात दर महिन्याची पाळी. त्यात सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खायची आपली सवय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे आजार नसतानाही आपली शिल्लक मुळात कमी, आणि त्यावर हा आजार.

याशिवाय बी-१२ कमी पडू शकतं. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषलं जातं. क्रोन्सची सूज तिथंच असेल, किंवा तो भाग ऑपरेशनमध्ये काढलेला असेल, तर खाल्लेलं अंगी लागत नाही. शाकाहारी घरात ते आधीच कमी असतं. हातापायांना मुंग्या येणं, जीभ लाल होऊन झोंबणं, विसरभोळेपणा ही त्याची लक्षणं. डी जीवनसत्त्व कमी, थायरॉईड बिघडलेलं, जुलाबांतून पाणी आणि क्षार गेलेले, रात्रीतून तीन-चार वेळा संडासला उठल्यानं झोप तुटलेली, मनावर ओझं, अशी कितीतरी कारणं असतात. बहुतेक वेळा दोन-तीन एकत्र असतात. म्हणूनच "थकवा आहे, टॉनिक द्या" एवढ्यानं भागत नाही.

आधी गळती शोधा

टाकीला गळती असेल तर वरून कितीही पाणी ओता, टाकी भरत नाही. तसंच हे. डॉक्टरांकडे गेल्यावर फक्त "अशक्तपणा आहे हो" म्हणू नका. असं सांगा : "दोन महिने झाले, झोपूनही थकवा जात नाही. पूर्वी मी दोन हंडे आणायची, आता एकात धाप लागते. संडास दिवसातून चार वेळा, रक्त नाही." असं नेमकं सांगितलं की डॉक्टरही नेमकं तपासतात.

तपासण्या कोणत्या, तर पहिली हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी समजतात. आपण ९ वर चालत फिरत असतो आणि "माझं एवढंच असतं" म्हणतो. ते बरोबर नाही. दुसरी फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा. इथं एक खाच आहे, ती लक्षात ठेवा. अंगात सूज असली की फेरिटिनचा आकडा खोटा वर जातो. एरवी ३० च्या खाली असेल तर साठा कमी धरतात, पण सूज चालू असेल तर १०० पर्यंतचा आकडासुद्धा लोह कमी असल्याचं दाखवू शकतो. म्हणून कागदावर "नॉर्मल" दिसलं तरी आयबीडीच्या डॉक्टरांना तो कागद दाखवा. तिसरी सुजेची तपासणी, सीआरपी. शौचाच्या नमुन्यातून होणारी कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणीही असते. तिनं आतड्यात सूज उरली आहे का ते कळतं, मात्र ती सगळीकडे होत नाही. याशिवाय बी-१२, फॉलिक ॲसिड, डी जीवनसत्त्व आणि थायरॉईड. सगळ्या एकदम परवडत नसतील तर डॉक्टरांनाच विचारा, आधी कोणती. सरकारी रुग्णालयात काय काय होतं हे आशाताईंना विचारा, म्हणजे खासगी लॅबचा खर्च वाचेल.

सलाईनचं काय?

हा विषय निघणारच, म्हणून आधीच बोलू. अंग गळालं की गावातल्या दवाखान्यात जाऊन सलाईनची बाटली लावून घ्यायची, सोबत एक "ताकदीचं" इंजेक्शन. त्या दिवशी बरं वाटतं. का वाटतं? बाटलीत पाणी, मीठ आणि साखर असते. जुलाबानं पाणी कमी झालेलं असेल तर ते भरून निघतं. वर दोन तास पंख्याखाली आडवं पडायला मिळतं, तेवढा वेळ कुणी हाक मारत नाही. (ती विश्रांती बाटलीशिवायही मिळायला हवी, नाही का?) पण त्या बाटलीनं रक्त वाढत नाही, लोह भरत नाही आणि सूजही उतरत नाही. वरचेवर सलाईनला जे पैसे जातात, त्यात तपासणी झाली असती.

दोन गोष्टी मात्र नुसत्या निरुपयोगी नाहीत, घातक आहेत. एक म्हणजे अंगदुखीची औषधं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक अशी इंजेक्शनं किंवा गोळ्या घेतल्यानं शांत झालेली आतडी पुन्हा उसळू शकतात. मेडिकलमधून "अंगदुखीची गोळी द्या" म्हणून काहीही आणू नका. आपल्याला आतड्याचा आजार आहे हे प्रत्येक डॉक्टरला आधी सांगा. साध्या दुखण्याला किंवा तापाला पॅरासिटामॉल बरी, तीही डॉक्टर सांगतील तेवढीच. दुसरी गोष्ट, नाव नसलेल्या पुड्या आणि गोळ्या. चार दिवसांत भूक वाढते, तोंडावर तजेला येतो, तेव्हा त्यात स्टेरॉईड मिसळलेलं असण्याची शक्यता असते. ते कुणाच्या देखरेखीशिवाय अंगात जाणं फार धोक्याचं.

औषधं आणि थकवा

आता सगळ्यांत महत्त्वाचं. "गोळ्यांनीच थकवा येतो" म्हणून गोळ्या सोडू नका. रक्त थांबलं की गोळ्या थांबवायच्या, ही आपली सवय. तापाला ती चालते, इथं नाही. मेसालामीनसारख्या गोळ्या आजार शांत ठेवण्यासाठीच असतात. त्या सोडल्या की काही महिन्यांत पुन्हा रक्त सुरू होण्याची शक्यता वाढते, आणि मग थकवा दुप्पट.

तरी औषधांचा संबंध अजिबात नसतो असंही नाही. स्टेरॉईड, म्हणजे प्रेडनिसोलोन वगैरे, उशिरा घेतलं तर रात्री झोप लागत नाही. म्हणून ते बहुधा सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात. जास्त दिवस घेतलं तर मांड्या-दंडातली ताकद कमी होते. आणि ते एकदम बंद केलं तर शरीर अक्षरशः कोसळतं. चक्कर, उलटी, बीपी उतरणं, जिवावर बेतू शकतं. ते पायरीपायरीनंच कमी करायचं असतं, पायऱ्या डॉक्टर ठरवतात. अझाथायोप्रिन घेणाऱ्या बाईनं रक्ताच्या तपासण्या ठरल्या तारखेला करायलाच हव्यात, कारण त्या औषधानं कधी कधी रक्तातल्या पेशी कमी होतात. सल्फासालाझिनच्या गोळ्या असतील तर सोबत फॉलिक ॲसिड लागतं. हे माहीत असलं की आपण विचारू शकतो : "डॉक्टर, या थकव्याचा औषधाशी काही संबंध आहे का, बदल करता येईल का?" विचारायला लाजू नका. गोळी मनानं सोडणं आणि गोळीबद्दल विचारणं यात फार अंतर आहे.

लोहाच्या गोळ्यांबद्दलही हेच. आजार सौम्य किंवा शांत असेल तर त्या चालतात. त्यांनी संडास काळी होते, त्याला घाबरू नका. पण आजार उसळलेला असेल तर आतडं लोह आत घेतच नाही, उलट पोट आणखी बिघडतं. अशा वेळी, किंवा हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर, रुग्णालयात शिरेतून लोह देतात. "मी गोळ्या खाल्ल्या, काही फरक पडला नाही" असं म्हणून थांबलेल्या बायकांनी हे मुद्दाम विचारावं.

उरलेली ताकद कशी वापरायची?

तपासण्या झाल्या, औषधं सुरू झाली, तरी थकवा आठ दिवसांत जात नाही. लोह भरायलाच महिने लागतात. मग तोवर काय? इथं आपला गटाचा अनुभव कामाला येतो. बचत गटातल्या बाईला जमा-खर्च शिकवावा लागत नाही.

रोज सकाळी अंगात जी ताकद असते, ती त्या दिवसाची जमा. निरोगी बाईच्या खात्यात शंभर असतील, तर हिच्या खात्यात कधी साठ, कधी तीस. अडचण अशी होते की जरा बरं वाटलं की आपण साचलेली सगळी कामं एका दिवसात उरकतो. गोधड्या धुवायच्या, घर सारवायचं, लाकडं फोडायची. मग पुढचे तीन दिवस अंथरुणात. उसन्या ताकदीचं व्याज फार चढं असतं. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण इथं तंतोतंत लागू पडते. चांगल्या दिवशीही थोडं शिल्लक ठेवून थांबायचं.

त्यासाठी आठ-दहा दिवस एक वही ठेवा. गटाच्या वहीसारखीच, डाव्या बाजूला वेळ, उजव्या बाजूला काम, आणि शेवटी थकव्याला दहापैकी गुण. संडास किती वेळा, झोप किती, तेही लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या, किंवा ज्वारीचे दाणे डब्यात टाका, जेवढा थकवा तेवढे दाणे. आठ दिवसांत एक चित्र दिसतं. एखादीला सकाळी दहापर्यंत बरं असतं, एखादीला दुपारनंतर. एखादीच्या लक्षात येतं की कपडे धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी आपण हमखास आडवं होतो. हीच वही डॉक्टरांनाही दाखवता येते.

मग कामं वाटा. जड काम आपल्या चांगल्या वेळेत, आणि एका दिवशी एकच जड काम. कपडे रोज थोडे. पाणी एका मोठ्या हंड्याऐवजी दोन लहान कळशांनी, किंवा चाकाच्या गाड्यावरून. भाजी चिरणं, धान्य निवडणं, भांडी घासणं पाटावर किंवा खुर्चीवर बसून. उन्हातलं काम सकाळी लवकर, कारण उन्हात घामासोबत पाणी जातं आणि जुलाब असले तर ते जास्तच जाणवतं. आणि विश्रांती घ्यायची ती कोसळण्याच्या आधी. तासभर काम, दहा मिनिटं बसणं. पडून राहायचं तर दुपारी अर्धा तास पुरे. संध्याकाळी झोपलं तर रात्रीची झोप जाते.

पण नुसतं पडून राहणं हाही उपाय नाही. हे ऐकायला उलटं वाटेल. बसून राहिलं की स्नायू आणखी गळतात, मग थोड्या कामानंही दम लागतो. आजार शांत असेल तर रोज दहा मिनिटं सपाट रस्त्यानं चाला. आठवड्यानं दोन मिनिटं वाढवा. दुसऱ्या दिवशी थकवा वाढला तर पुन्हा दहावर या. शेतातली मेहनत आणि हे चालणं एक नव्हे. हे चालणं आपल्या मापानं, न ओझं घेता, जमलं तर मैत्रिणीसोबत.

घरात हे सांगायचं कसं, हा खरा प्रश्न. "मला होत नाही" म्हटलं की भांडण होतं. त्यापेक्षा कागद पुढं ठेवा. "अहो, माझं रक्त नऊ आहे, बाराच्या वर हवं. डॉक्टरांनी सांगितलंय, तीन महिने पाण्याचं ओझं नको. सकाळचं पाणी तुम्ही आणा, बाकीचं मी बघते." सासूबाईंनाही तोच कागद. आणि शक्य असेल तर डॉक्टरांकडे जाताना नवऱ्याला नाहीतर सासूला सोबत न्या. आपण सांगितलेलं पटत नाही, तेच डॉक्टरनं सांगितलं की पटतं. वाईट वाटून घेऊ नका, उपयोग करून घ्या.

खाणं, पाणी, झोप

या आजाराला एकच पथ्य सगळ्यांना लागू नाही. आजार उसळलेला असताना मऊ भात, मुगाचं वरण, शिजवलेला बटाटा, भोपळा-दुधीची साल काढून केलेली भाजी, केळं, चालत असेल तर ताक, अंडं. बाजरीची जाड भाकरी, कच्चा कांदा, मिरचीचा ठेचा, भाजलेले दाणे थोडे दिवस बाजूला ठेवा. क्रोन्समध्ये आतडं अरुंद झालेलं असेल तर कोंडा आणि तंतू असलेलं खाणं नेमकं किती चालेल ते डॉक्टरांकडून समजून घ्या. आजार शांत झाला की मात्र भाकरी, डाळी, पालेभाज्या हळूहळू परत आणायच्या. भीतीनं वर्षभर नुसता भात खाणाऱ्या बाईला थकवा येईल नाहीतर काय?

एकदम पोटभर खाण्याऐवजी चार-पाच वेळा थोडं थोडं. आणि संडासला जावं लागेल या धास्तीनं शेतात जाताना उपाशी राहू नका. हे फार जणी करतात. त्यापेक्षा घरून थोडं खाऊन निघा आणि आडोसा, पाण्याची बाटली, जुनं कापड यांची आधी सोय करा. चहा जेवणासोबत नको, तासभर आधी किंवा नंतर. चहामुळे जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही. लिंबू किंवा आवळ्यानं ते जास्त शोषलं जातं.

जुलाब असतील त्या दिवशी ओआरएसचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका, मोजा.

उपवासांबद्दल जरा स्पष्ट बोलते. नवरात्राचे नऊ दिवस, सोमवार, एकादशी, चतुर्थी. रक्त कमी असताना, आजार उसळलेला असताना हे सगळे उपवास झेपणारे नाहीत. त्यात तळलेला साबुदाणा आणि दाण्याचं कूट, म्हणजे पोटाला दुहेरी शिक्षा. उपवास धरायचा की नाही हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण औषध उपवासाच्या दिवशीही घ्यायचंच.

झोपेसाठी, रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं. संध्याकाळनंतर चहा नको. रात्री उठावं लागत असेल तर संडासची वाट मोकळी ठेवा, बॅटरी उशाशी ठेवा. अंधारात दूर जायची भीती असेल तर झोप लागतच नाही. घरात संडास नसेल तर या आजाराच्या घरासाठी ती चैन नाही, उपचाराचा भाग आहे. ग्रामपंचायतीत पाठपुरावा करताना हेही सांगा.

मनाचं काय? सतत रडू येतं, कशात गोडी वाटत नाही, जगण्याचा कंटाळा येतो, असं दोन आठवडे चाललं तर तेही आजाराचाच भाग समजून डॉक्टरांना सांगा. टेलि-मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६ आहे. फोन मोफत, मराठीतून बोलता येतं. मनाचे उपचार सुरू झाल्यावर थकवाही हलका होतो, असं अनेकींच्या बाबतीत घडतं.

थांबायचं नाही, अशी वेळ

दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास आणि सोबत ताप किंवा छातीत धडधड, पोट फुगून कडक होणं, असह्य दुखणं, सारख्या उलट्या, उभं राहिल्यावर डोळ्यापुढं अंधारी येऊन पडणं, बसल्या जागी दम लागणं, एकच पाय सुजून दुखणं. यातलं काही झालं तर "उद्या बघू" नाही. १०८ ला फोन करा. जुनी फाईल सोबत घ्या. आणि दाखल करून घ्यायला सांगितलं तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका आणि आधार घेऊन जा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार बसतो का ते आधी विचारा. रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी दुकानात चिठ्ठी दाखवून पाहा, बरीच औषधं तिथं स्वस्त मिळतात.

गटात काय करता येईल?

दंडाचा नियम आपणच केला, आपणच बदलू शकतो. डॉक्टरचा कागद असलेल्या सदस्येची बचत दुसरी सखी आणून भरेल आणि गैरहजेरी दंडाविना लिहिली जाईल, असा ठराव एका ओळीचा असतो. बैठकीत तिला दाराजवळची जागा द्या, मधेच उठून गेली तर कुणी वळून बघू नका. कर्ज मागायला आली तर उपचार हे कारण शेळीइतकंच महत्त्वाचं धरा. आणि तिनं आजार सांगितला तर तो गटाच्या बाहेर जाता कामा नये. पाणवठ्यावर तर अजिबात नाही.

बैठकीत बोलण्यासाठी

आपल्या गटात गेल्या वर्षभरात रक्त तपासलेल्या किती जणी? आकडा कुणाकुणाला आठवतो? ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी आरोग्य उपकेंद्रात एकाच दिवशी जाण्याची तारीख आजच ठरवता येईल का?

सलाईनवर आपण वर्षाला किती खर्च करतो, याचा अंदाज प्रत्येकीनं सांगावा. बेरीज फळ्यावर लिहा.

सतत गैरहजर राहणारी सदस्य आपल्या गटात आहे का? तिच्या घरी कोण आणि कधी जाणार? दोघींनी जा, मोठा घोळका नको. आणि जाताना पासबुक नेऊ नका, त्या दिवशी हप्त्याचा विषय काढायचा नाही.